आधी बादलीला विचारा

पस्तीस-चाळीस वर्षांच्या जुन्या सोसायटीत एखाद्या घरी काम काढलं, की जिन्यात सिमेंटची पोती येतात, लिफ्टला आतून पुठ्ठे लागतात आणि खालच्या मजल्यावरच्यांची दुपारची झोप जाते. हे सगळं कोणासाठी चाललंय, असं कोणी विचारत नाही, कारण उत्तर उघड वाटतं: ज्यांच्या नावावर शेअर सर्टिफिकेट आहे आणि ज्यांच्या मुदतठेवी मोडल्या जातायत त्यांच्यासाठी. पण काम उरकल्यावर न्हाणीघर आणि स्वयंपाकघर नीट पाहिलं, तर हे उत्तर टिकत नाही. नव्या न्हाणीघरात बादलीला जागा नसते. नव्या स्वयंपाकघरात विळीला जागा नसते. म्हणजे बादलीत पाणी न काढणाऱ्या आणि नारळ न खवणाऱ्या कोणा मंडळींसाठी हे घर सजलेलं असतं. ही मंडळी कोण, हे घरात कोणालाच ठाऊक नाही; त्यांच्या सवयींवरून मात्र बरंच अनुमान काढता येतं. ती तळण तळत नाहीत, डाळ फोडणीला टाकत नाहीत, वर्षाचा मसाला करून ठेवत नाहीत. त्यांच्याकडे कोणी मुक्कामाला येत नाही. त्यांच्या नळाला चोवीस तास पाणी असतं आणि त्या पाण्यात क्षार नसतात. त्यांची सकाळ निवांत असते. माझं म्हणणं असं, की आपल्याकडे मध्यमवर्गीय घराचं नूतनीकरण होतं ते या काल्पनिक कुटुंबासाठी. खर्च तेवढा खरं कुटुंब सोसतं. आणि काम संपलं की थोड्याच महिन्यांत, कसलाही गाजावाजा न करता, खरं कुटुंब आपलं घर परत ताब्यात घेतं.

पुरावा न्हाणीघरापासून मांडू, कारण तिथे सोंग फार काळ टिकत नाही. जुन्या फ्लॅटांत संडास वेगळा आणि न्हाणीघर वेगळं असायचं. दोन्ही अरुंद, दोन्हींचे दरवाजे खालून कुजलेले. नूतनीकरणाचा पहिला हातोडा पडतो तो या दोघांमधल्या भिंतीवर. भिंत गेली की जागा मोठी होते, हे खरंच आहे. फक्त ज्या घरात सकाळी सात वाजता एक जण आत बसलेला असताना दुसऱ्याची आंघोळ उरकत होती, त्या घरात आता एका वेळी एकालाच प्रवेश. सोय निम्मी झाली आणि तिला प्रशस्तपणा म्हणायचं ठरलं. काल्पनिक कुटुंबाचं यात काही बिघडत नाही, त्यातल्या कोणाला सात बेचाळीसची लोकल गाठायची नसते. मग छतातून तव्याएवढा शॉवर अवतरतो. पाण्याला जोर येतो तो उंचीमुळे. दहा मीटर उंच पाण्याचा दाब साधारण एक बार भरतो, आणि असल्या मोठ्या शॉवरला तेवढा तरी लागतोच. गच्चीवरची टाकी आणि सर्वांत वरच्या मजल्यावरचा शॉवर यांच्यात अंतर असतं जेमतेम तीन-चार मीटरांचं. एवढ्या जोरावर त्या तव्यातून पाऊस पडत नाही, पागोळ्या गळतात. त्यावर उपाय म्हणून प्रेशर पंप, पंपामुळे टाकी लवकर रिकामी, टाकीमुळे सोसायटीच्या फलकावर सचिवांची सूचना. तोवर घरातल्या ज्येष्ठांनी बादली परत आणलेली असते. बादलीचं एक बरं असतं: पाणी किती गरम आहे ते हात घालून कळतं, किती उरलं आहे ते डोळ्यांनी दिसतं, आणि पंधरा-वीस लिटरांत माणूस स्वच्छ होतो.

मात्र परत आलेल्या बादलीला आता बसायला जागा नसते, कारण मधोमध काचेचं पार्टिशन उभं असतं. ओला भाग आणि कोरडा भाग वेगळे राहावेत म्हणून ते लावलेलं असतं. बादली कोरड्या भागात ठेवावी तर तो ओला होतो, आणि ओल्या भागात ठेवावी तर काचेचं दार आतल्या बाजूला उघडत नाही. टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या इमारतीत ती काच लवकरच पांढरी पडते आणि घराला रोज एक नवं काम लागतं. पूर्वी फरशी पुसायची होती, आता भिंतही. नगरपालिकेचं पाणी ठरलेल्या वेळी येतं, त्यामुळे एक ड्रम लागतोच. डिझायनरच्या चित्रात ड्रम नसतो. चित्रात भिंतीतल्या कोनाड्यात सुगंधी मेणबत्ती आणि बांबूचं रोपटं असतं; प्रत्यक्षात त्या कोनाड्यात कपड्यांचा साबण, घासणी आणि टाचा घासायची वज्री येऊन बसते. प्लॅस्टिकचं स्टूल येतं. दोरी येते. गीझरच्या पाइपावर ओला पंचा येतो. याला कोणी अस्ताव्यस्तपणा म्हणेल. मी याला मूळ रहिवाशांचं पुनर्वसन म्हणतो.

स्वयंपाकघरात हेच नाटक होतं, फक्त तिकीट महाग असतं. जुना ओटा कडप्प्याचा. भिंतीला स्टीलची मांडणी, तिच्यावर ताटं उभी, पेले उपडे, खाली डबे आणि पिंप. सगळं डोळ्यांसमोर. ज्याने जन्मात स्वतःचा चहा केला नाही, त्यालाही साखरेचा डबा दिसायचा. करायचं नसेल तर निमित्त दुसरं शोधावं लागायचं. आता खालपासून वरपर्यंत एकाच रंगाची दारं, त्यांना कड्याही नाहीत, आणि आत ट्रॉल्या. घरातला प्रत्येक जण डाव शोधायला चार ट्रॉल्या ओढतो, त्या आपोआप अलगद मिटतात, आणि डाव पाचवीत सापडतो. पाचवी ट्रॉली म्हणजे चमच्यांचा ट्रे. त्यात काटे, सुऱ्या आणि चमचे यांच्यासाठी साच्यातून काढलेले खण असतात. लाटणं त्यात सरळ बसत नाही, तिरकं ठेवलं तर ट्रॉली मिटत नाही. झारा, उलथनं, सांडशी, चकलीचा सोऱ्या, पुरणयंत्र, मोदकपात्र यांचा त्या साच्याच्या कारागिराने विचारही केलेला नसतो, आणि त्याने तो का करावा, त्याच्या गावात दिवाळीला चकल्या होत नसतील. उंच आणि अरुंद अशी एक ट्रॉली खास बाटल्यांसाठी असते. आपल्याकडे तेल डब्यात येतं. विळी तर थेट बेघर. ती आडवी ठेवली तर कोणाचा तरी हात कापणार, उभी ठेवली तर पडणार. शेवटी ती वर्तमानपत्रात गुंडाळून फ्रिजच्या मागे जाते आणि मोदकांच्या दिवशी सन्मानाने बाहेर येते.

या विषयात शास्त्र नाही असं नाही. सिंक, शेगडी आणि फ्रिज यांना जोडणारा एक त्रिकोण असावा, त्याच्या तिन्ही बाजूंची बेरीज १३ ते २६ फुटांच्या दरम्यान असावी, असा एक संकेत आहे. इलिनॉय विद्यापीठात १९४०च्या दशकात जे काम झालं त्यातून तो रूढ झाला, आणि आपल्याकडचे इंटिरियरवाले तो आदराने सांगतात. जुन्या वन बीएचकेमधलं स्वयंपाकघर आठ फूट बाय सात फूट. सगळ्या खोलीचा परीघच तीस फूट. तिथे हा त्रिकोण नीट काढायचा तर फ्रिज हॉलमध्ये न्यावा लागेल, आणि बहुतेकांकडे तो विद्यापीठाला न विचारता तिथेच गेलेला असतो. मग कोणीतरी सुचवतं, की हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यातली भिंतच काढू. ओपन किचन. यात काल्पनिक कुटुंबाचा हात स्पष्ट दिसतो, कारण बोंबील तळणाऱ्या, ठेचा कुटणाऱ्या किंवा नुसती मिरचीची फोडणी देणाऱ्या कोणाही माणसाने ही सूचना केली नसती. पहिल्या फोडणीला सोफ्यावरचे सगळे एकसाथ ठसकतात. चिमणी लावावी, तर तिच्या आवाजात बातम्या ऐकू येत नाहीत. शेवटी चिमणी बंद आणि खिडकी उघडी, ही जुनीच व्यवस्था परत येते. चिमणीचं काचेचं कपाळ मात्र तेलकट होत राहतं, ते पुसायचं काम वेगळं.

या मंडळींचं मूळ गाव शोधत गेलं तर जर्मनीतलं फ्रँकफर्ट लागतं. १९२६ साली तिथल्या कामगार वस्त्यांसाठी मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुरचनाकार बाईंनी एक आटोपशीर स्वयंपाकघर आखलं: सुमारे १.९ मीटर रुंद, ३.४ मीटर लांब. रेल्वेच्या भोजनडब्यातलं स्वयंपाकघर त्यांच्यासमोर होतं, आणि कारखान्यातल्या कामगारांच्या हालचाली घड्याळ लावून मोजतात तशा गृहिणीच्याही मोजल्या गेल्या होत्या. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बसवली गेली. आजचं मॉड्युलर किचन हे त्यांचंच वंशज. बाईंनी बारकावे फार छान पाहिले होते. पिठाचा खण ओकच्या लाकडाचा, म्हणजे कीड लागू नये. रंग निळसर हिरवा, कारण त्यावर माश्या बसत नाहीत असा तेव्हाचा समज. आणि तांदूळ, साखर वगैरेंसाठी ॲल्युमिनियमचे नावं घातलेले छोटे खण. राहायला आलेल्यांनी काय केलं? ज्या खणावर जे नाव, त्यात ते सोडून दुसरंच काही भरलं. खण लहान मुलांच्या हाताला येतात अशी तक्रार केली. जेवायचं टेबल त्याच खोलीत घुसवायचा खटाटोप केला. आणि शुट्टे-लिहोत्स्कीबाईंनी पुढे मोकळेपणाने सांगितलं, की हे स्वयंपाकघर आखेपर्यंत आपण कधी घर चालवलं नव्हतं आणि स्वयंपाकही केला नव्हता. यात त्यांची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. बायकांचे कष्ट वाचावेत हा त्यांचा उद्देश होता, आणि त्यांनी निदान मोजमाप तरी केलं. आपल्याकडे मोजमाप होतं ते फक्त ओट्याचं, चौरस फुटात, दर लावण्यापुरतं.

मोजमाप कोणाचं करायला हवं, हे खरं तर सोपं आहे. शहरातल्या मराठी स्वयंपाकघरात सर्वांत जास्त वेळ कोण उभं असतं? अनेक घरांत पोळ्या करणाऱ्या मावशी आणि भांडी घासणाऱ्या मावशी. ओट्याच्या उंचीवर दोघींच्या पाठी अवलंबून. सिंक किती खोल हवा, नळाची मान किती लांब हवी, कुकर आणि कढई एकदम आत मावतात का, घासलेली भांडी निथळायला कुठे ठेवायची, याची उत्तरं त्यांना तोंडपाठ असतात, कारण त्या दिवसाला चार-पाच घरांतल्या ओट्यांचा तौलनिक अभ्यास करतात. एवढा अनुभव कोणत्याही डिझायनरकडे नसतो आणि त्याची फीही पडत नाही. तरी नूतनीकरणाच्या चर्चेत त्यांचा सहभाग एवढाच, की काम चालू असताना त्यांना महिनाभर सुट्टी द्यायची की पगार कापायचा. जुन्या घरातली मोरी काढून टाकली जाते, तिच्या जागी कॉफीचे दोन मग विसळता येतील एवढा देखणा सिंक येतो, आणि पहिल्याच दिवशी मावशी पातेल्यांचा ढीग उचलून न्हाणीघराकडे चालू लागतात.

आता पैशांकडे येऊ. डॅनिएल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली मांडलं, की माणूस स्वतःच्या कामाला लागणारा वेळ आणि खर्च यांचा अंदाज नेहमी कमीच बांधतो. कानेमनने पुढे आपल्या पुस्तकात २००२ सालच्या एका अमेरिकी पाहणीचा दाखला दिला: स्वयंपाकघर नवं करणाऱ्यांचा सरासरी अंदाज होता १८,६५८ डॉलर, प्रत्यक्षात खर्च आला ३८,७६९ डॉलर. दुपटीपेक्षा जास्त. हे आकडे कोणत्याही मराठी माणसाला वाचून दाखवले तर त्याला आश्चर्य वाटणार नाही, फक्त अमेरिकेतसुद्धा असे मिस्त्री आहेत म्हणून जरा बरं वाटेल. पण दोष एकट्या मिस्त्रीचा नाही. अंदाज बांधताना खरं कुटुंब वही-पेन घेऊन बसलेलं असतं, आणि दुकानात गेल्यावर खरेदी करतं ते दुसरंच. फ्रान्समधल्या देनी दिदरोने १७६९ साली यावर एक निबंध लिहिला आहे. त्याला नवा, भारी लाल झगा मिळाला. त्या झग्याशेजारी जुनी खुर्ची शोभेना, मग खुर्ची बदलली, मग टेबल, मग भिंतीवरची चित्रं, आणि शेवटी तो जुन्या झग्याच्या आठवणीने हळहळत बसला. आपल्याकडे झग्याचं काम गळका नळ करतो. नळ बदलायचा म्हणून माणूस दुकानात जातो आणि एका दांडीवर गरम-गार चालणारा नळ पाहून येतो. तो बसवायचा तर पाइप भिंतीत न्यायचे, पाइपांसाठी टाइल फोडायच्या, तशा टाइल आता मिळत नाहीत म्हणून सगळ्याच बदलायच्या, नव्या टाइलला जुनं दार शोभत नाही, दाराला पॅसेजचा रंग. हे प्रकरण दरवाजावरच्या बेलपाशी येऊन थांबतं, तेही पैसे संपले म्हणून. वेळेचं तर बोलायलाच नको. सगळेच ‘गणपतीच्या आत’ असं ठरवतात. गणपती पंचांगाप्रमाणे येतात, सुतार येत नाही.

इथे एक वाजवी आक्षेप येईल: जुनं घर गळतं, पाइप सडतात, वायरिंग भार सोसत नाही, काम काढायला काल्पनिक कुटुंबाची गरज काय? अगदी मान्य. खालच्या मजल्यावरच्या छतावर पिवळा डाग पसरायला लागला, की काम काढावंच लागतं, आणि तो डाग काल्पनिक नसतो. तो दाखवायला खालचे काका स्वतः वर येतात. पण मग कामाचा वेळ आणि डोकं कशावर खर्च होतं ते पाहा. सिरिल नॉर्थकोट पार्किन्सनने १९५७ साली एका समितीचं वर्णन केलं होतं: एक कोटी पौंडांची अणुभट्टी ती अडीच मिनिटांत मंजूर करते, कारण ती कोणालाच कळत नाही, आणि साडेतीनशे पौंडांच्या सायकलस्टँडवर पाऊण तास भांडते, कारण तो सगळ्यांना कळतो. आपल्या घरातली अणुभट्टी म्हणजे वॉटरप्रूफिंग. जुनी फरशी थेट स्लॅबपर्यंत उखडायची, पाइपाभोवतीच्या फटी भरायच्या, वॉटरप्रूफिंगचे थर नीट वाळू द्यायचे, कोबा करायचा, मग निदान चोवीस तास पाणी तुंबवून खाली जाऊन छत पाहायचं. यावर घरात होणारी चर्चा: “ते मिस्त्री बघतील.” ढाळाचंही तेच. नहाणी ट्रॅपच्या दिशेने मीटरमागे सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर उतार पडला तर पाणी आपणहून जातं. तेवढं पाहायला कोणी वाकत नाही, कारण सगळे टाइलच्या दुकानात ‘आयव्हरी’ आणि ‘ऑफ व्हाइट’ यांच्यातला फरक ट्यूबलाइटच्या उजेडात पाहत असतात. काम होतं, पाणी ट्रॅपकडे पाठ करून दाराच्या कोपऱ्यात साचतं, आणि कुटुंब जन्मभर वायपर मारत राहतं. म्हणजे गळतीचं कारण खरं असलं तरी गळतीच्या नावाने मंजूर झालेला पैसा गळतीपर्यंत पोहोचतोच असं नाही. सरकारी योजनांवर हसणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. माणूस सवयींचा गुलाम नसतो, घर बदललं की माणूसही बदलतो. नाहीतर आपण अजून चुलीपुढे पाटावर बसून फुंकणीने फुंकत असतो. हे खोटं नाही. जमिनीवरचा स्वयंपाक ओट्यावर आला आणि त्याबरोबर बाईही उठून उभी राहिली, हा मराठी घरातला गेल्या शतकातला फार मोठा बदल. चाळीच्या टोकाचा सामायिक संडास घरात आला, हा दुसरा. पण हे बदल कसे आले ते पाहिलं तर माझ्याच म्हणण्याला बळ मिळतं. गॅस घरात आला आणि गॅसची शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर ठेवा, अशी कंपन्यांची सुरक्षेची सूचना आली. सिलिंडर उभा, त्यापेक्षा उंच शेगडी, म्हणजे ओटा आलाच. धूर नाही, राख नाही, वाकणं नाही. या सोयी खऱ्या माणसांच्या डोळ्यांना, फुप्फुसांना आणि गुडघ्यांना पहिल्याच दिवशी जाणवल्या. त्यासाठी कोणाला नव्या सवयी लावून घ्यायचा निश्चय करावा लागला नाही. मिक्सर तसाच आला, पाटा-वरवंट्याला कोणी हट्टाने चिकटून राहिलं नाही. जी वस्तू खऱ्या कुटुंबाचं काम हलकं करते ती टिकते. जी वस्तू कुटुंबाने आधी सुधारावं अशी अपेक्षा धरते, तिच्यावर कालांतराने पंचा वाळत पडतो. ट्रॉल्यांनासुद्धा हेच माप लावावं. धान्याच्या जड डब्यांची खालची ट्रॉली, जी ओढली की डबा समोर येतो आणि कोणाला जमिनीवर पालथं पडून मागचा पोह्यांचा डबा काढावा लागत नाही, ती मला पूर्ण मान्य आहे. माझं भांडण आहे ते बाटल्यांच्या ट्रॉलीशी.

पुढे विकायचं झालं तर किंमत चांगली येईल, असं म्हणणारेही असतात. येत असेल. मात्र घर घेणारा पहिल्या भेटीत भिंतीवर बोटाने टकटक करून विचारतो, “ही काढता येईल ना?” त्याच्या डोक्यातही एक कुटुंब असतंच, आणि त्यांना तुमची टाइल आवडलेली नसते.

गुडघ्यांचा उल्लेख वर आला, तो इतक्यात सोडून देण्यासारखा नाही, कारण काल्पनिक आणि खऱ्या कुटुंबातला सामना तिथे सर्वांत स्पष्ट होतो. ज्या पिढीने हे फ्लॅट घेतले ती आता सत्तरीच्या पुढे गेली आहे. भारतीय बैठकीचा संडास काढून कमोड बसवणं ही तिच्यासाठी चैन नाही. पण कमोड ठरला, की तो भिंतीला टांगलेला हवा, टाकी भिंतीत लपलेली हवी, असं सुरू होतं. पुढे टाकीचा वॉल्व्ह बिघडला तर तो कसा काढायचा, हे विचारायचं राहून जातं. शेजारच्या भिंतीला धरून उठायला एक दांडी लावा म्हटलं, की घरातलं कोणीतरी हमखास म्हणतं, “नको, हॉस्पिटल वाटतं.” फरशी खरखरीत हवी म्हटलं, तर तिच्यावर डाग दिसतात. मग चकचकीत फरशी येते, तिच्यावर चालताना आजी भिंतीला हात लावत जातात, आणि भिंतीवर हातांचे डाग पडतात म्हणून पुन्हा कुरकुर होते. दांडीची किंमत सगळ्या कामाच्या खर्चात शोधूनही सापडणार नाही. तरी ती लागते बहुधा कोणी तरी पडल्यावर, तीही ड्रिलने नव्या टाइलला तडा देऊन. काल्पनिक कुटुंबात कोणी म्हातारं नसतं, हे त्याच्याविषयी काढलेलं सर्वांत खात्रीचं अनुमान.

घरात मग निर्णय होतो कसा, तर एकमताने. आणि एकमत होत नसल्यामुळे उशिरा. राज्य सरकारच्या ४ जुलै २०१९च्या निर्णयाप्रमाणे अख्खी इमारत पाडून पुनर्विकास करायला ५१ टक्के सभासदांची संमती पुरते. ओट्यामागच्या टाइलसाठी मात्र शंभर टक्के लागते, आणि त्यात न राहणाऱ्यांचंही मत धरतात: बंगळूरची मुलगी व्हिडिओ कॉलवर, चहाला आलेली आत्या, समोरच्या ब्लॉकमधले ज्यांनी गेल्याच वर्षी केलं ते. प्रत्येक जण त्या तिसऱ्याच कुटुंबाच्या वतीने बोलतो. रोज पाच वाजता उठून कुकर लावणारीला विचारलं जातं ते शेवटी, आणि तेही रंगाविषयी. एवढं करून ग्रॅनाइट चढतो, जुना कडप्पा खाली वॉचमनच्या खुर्चीशेजारी दोन विटांवर बाक म्हणून रुजू होतो, शेजारीपाजारी चहा पिऊन जातात, आणि त्याच वर्षीच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर ‘पुनर्विकासाबाबत विचार करणे’ असा विषय येतो. मग सगळे सभासद मिळून बिल्डरचा सॅम्पल फ्लॅट पाहायला जातात. तिथे ते कुटुंब आधीच राहायला आलेलं असतं: ओट्यावर प्लॅस्टिकची लिंबं, गादीवर सात उशा, कपाटात एकसारखे चार शर्ट. मंडळी दबकत, चपला बाहेर काढून आत फिरतात, टाइलवरून हात फिरवतात, खिडकीतून बाहेर पाहतात. विक्रीवाली मुलगी आयात केलेल्या नळाची माहिती देत असते. आणि मागून पोळीच्या डब्याएवढी पर्स घेतलेल्या एक काकू ड्राय बाल्कनीत शिरून हाताच्या वितीने भिंत मोजतात आणि विचारतात, “इथे वॉशिंग मशीन ठेवल्यावर कपडे वाळत घालणारीने उभं कुठे राहायचं?”